३६६७ : एका आकड्याचे वाचन

१

वाङ्मयाच्या इतिहासात सनावळी जितकी उपयोगाची तितकीच फसवी असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. ग्रंथाचे प्रकाशनवर्ष कळले म्हणजे ग्रंथ कळला, असे कोणी म्हणत नाही. परंतु खेळाच्या इतिहासाकडे वळलो की हे भान आपल्याकडून सहज सुटते. तेथे आकडा हाच निकाल, आकडा हाच पुरावा आणि पुष्कळदा आकडा हीच समीक्षा. धावा, बळी, गोल, गुण यांच्या तक्त्यांना अर्थनिर्णयाची गरज नसते, असे आपण गृहीत धरतो. आमचे म्हणणे असे की तक्ता हीदेखील एक संहिताच आहे. तिला कर्ता असतो, काळ असतो, व्याकरण असते, आणि तिच्यातून गाळली गेलेली माणसेही असतात.

हे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी आम्ही एकच आकडा घेतला आहे : ३६६७. अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पीट मॅराविच या बास्केटबॉलपटूने १९६७ ते १९७० या तीन हंगामांत, ८३ सामन्यांत, इतके गुण केले. सरासरी दर सामन्याला ४४.२. अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत हा आकडा पुढली चोपन्न वर्षे कोणालाही ओलांडता आला नाही.

मॅराविच गार्ड होता. पाच जणांच्या संघात गार्डचे काम चेंडू पुढे आणण्याचे आणि खेळाची मांडणी करण्याचे. बास्केटजवळ उभे राहून गुण करण्याचे काम मुख्यतः उंच सेंटरचे. म्हणजे पंगतीत वाढण्याचे काम ज्याच्याकडे, त्यानेच निम्मे जेवण संपवावे, असा काहीसा हा प्रकार. मॅराविचवर हा आक्षेप आयुष्यभर घेतला गेला. आणि तोच आपल्या काळातील अत्यंत कल्पक वाढपीही होता, हीही वस्तुस्थिती आहे : पाठीमागून, पायांमधून, न पाहता दिलेले त्याचे पास आजही चित्रफितींमध्ये पाहता येतात. या दोन विधानांत विसंगती दिसते. ती आकड्याने सुटत नाही, म्हणूनच आकडा उलगडून पाहावा लागतो.

२

प्रथम व्याकरणाचा विचार करू. मात्रावृत्तातील रचना अक्षरगणवृत्ताच्या नियमांनी तपासू नये, हा छंदःशास्त्रातला अगदी प्राथमिक संकेत आहे. खेळाचे नियम म्हणजे त्याचे वृत्तच. १९६७ च्या सुमारास अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलचे वृत्त आजच्याहून बरेच निराळे होते.

त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. ही बंदी १९७२ मध्ये उठली. त्यामुळे मॅराविचचा पहिला हंगाम प्रथम वर्षाच्या वेगळ्या संघात गेला. तेथे त्याने १७ सामन्यांत ७४१ गुण केले, पण ते अधिकृत बेरजेत धरले जात नाहीत. दुसरे असे की दूरवरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा महाविद्यालयीन मैदानावर तेव्हा नव्हती. ती देशभर लागू झाली १९८६ मध्ये. मॅराविच वीस-पंचवीस फुटांवरून चेंडू टाकी, आणि तो जाळीत पडला तरी दोनच गुण मिळत. तिसरे म्हणजे, ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असे बंधनही तेव्हा महाविद्यालयात नव्हते. प्रतिस्पर्ध्याला वाटले तर तो चेंडू आपल्याजवळ धरून वेळ काढू शके.

एवढे वाचून वाटावे की हा आकडा प्रत्यक्षापेक्षा लहान आहे. तसे मानणारे पुष्कळ आहेत. मॅराविचनंतर त्या विद्यापीठात आलेले प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याच्या जुन्या फेकींचा हिशेब मांडला आणि तीन गुणांची रेषा असती तर सरासरी ५७ पर्यंत गेली असती असा निष्कर्ष काढला, अशी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. हिशेब खरा असो वा नसो, ती विचारपद्धती आम्हाला सदोष वाटते. रेषा असती तर प्रतिस्पर्धी बचावासाठी निराळ्या जागी उभे राहिले असते, प्रशिक्षकांनी निराळे डाव आखले असते, मॅराविच स्वतःही निराळा घडला असता. अभंगातील शब्द तसेच ठेवून ते शार्दूलविक्रीडितात बसवता येत नाहीत.

शिवाय आकड्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या ८३ सामन्यांत मॅराविचने बास्केटच्या दिशेने ३१६६ वेळा चेंडू टाकला. म्हणजे सामन्याला सुमारे ३८ वेळा. त्यांतले १३८७ चेंडू जाळीत पडले, आणि उरलेले ८९३ गुण फ्री थ्रोचे. कोणत्या प्रशिक्षकाने एका खेळाडूला सामन्यामागून सामना ३८ वेळा चेंडू टाकू दिला असता? उत्तर सोपे आहे. तो प्रशिक्षक त्याचा बाप होता.

३

प्रेस मॅराविच हे पेनसिल्व्हेनियातील ॲलिक्विपा या पोलादी गावातल्या सर्बियन स्थलांतरितांच्या घरात वाढले. ‘प्रेस’ हे त्यांचे मूळ नाव नव्हे. लहानपणी ‘पिट्सबर्ग प्रेस’ हे वर्तमानपत्र विकत, त्यावरून ते पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यावसायिक बास्केटबॉल नुकता आकाराला येत असताना, १९४६-४७ मध्ये, ते पिट्सबर्ग आयर्नमेन या संघातून एक हंगाम खेळले. तो संघही एका हंगामातच संपला. पीटचा जन्म जून १९४७ चा. खेळाडू म्हणून बापाचे दार बंद झाले त्याच सुमारास मुलगा जन्माला आला, हा योगायोग चरित्रकारांनी आवर्जून टिपला आहे.

यानंतर जे घडले त्याला शिक्षण म्हणावे की प्रयोग, याविषयी दुमत होऊ शकेल. प्रेस यांनी मुलासाठी चेंडूहाताळणीच्या कसरतींची एक सबंध मालिका रचली. चेंडू बोटांवर फिरवणे, पायांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा खेळवणे, डोळे बांधून टप्पे घेणे. मुलाने चालत्या मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर चेंडूचे टप्पे घ्यायचे आणि बापाने गाडीचा वेग कमीजास्त करत राहायचे, हा प्रसंग मॅराविचविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखनात येतो. लहानपणी चेंडू जड वाटे म्हणून पीट तो कमरेजवळून, पिस्तूल उपसावे तसा टाकी. त्यावरून ‘पिस्टल पीट’ हे नाव पडले आणि ते मृत्यूनंतरही सुटले नाही.

१९६६ मध्ये लुइझियाना स्टेटने प्रेस यांना प्रशिक्षक नेमले. पीटचा ओढा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे होता. बापाच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. प्रेस यांच्या पहिल्या हंगामात संघाने २६ पैकी केवळ ३ सामने जिंकले. मग पीट मुख्य संघात आला आणि विद्यापीठाच्या ज्या कृषी सभागृहात गुरांची प्रदर्शने भरत, तेथे बास्केटबॉल पाहायला माणसे दाटीवाटीने जमू लागली. १९८७ साली पीटने आत्मचरित्र लिहिले त्याचे नावच ‘हेअर टू अ ड्रीम’ असे आहे, म्हणजे स्वप्नाचा वारस. वारशाने मालमत्ता येते तसे कर्जही येते, हे त्या शीर्षकात म्हटलेले नाही. पुस्तकात मात्र ते जाणवत राहते.

३६६७ या संहितेचा कर्ता एक नव्हे, दोन आहेत, असे म्हणणे म्हणून आम्हाला रास्त वाटते. एकाने ३१६६ वेळा चेंडू टाकला. दुसऱ्याने तितक्या वेळा तो टाकू दिला. त्याचे फळ काय मिळाले? तीन हंगामांत संघाचे जय-पराजय १४-१२, १३-१३ आणि २२-१० असे होते. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत मॅराविच एकदाही खेळला नाही. ७ फेब्रुवारी १९७० रोजी अलाबामाविरुद्ध त्याने संघाच्या १०४ गुणांपैकी एकट्याने ६९ केले, आणि तो सामना अलाबामाने १०६-१०४ असा जिंकला. एका ओळीत मावणारी ही शोकांतिका आहे. पण विक्रमांच्या तक्त्यात तिचा ‘६९’ एवढाच अंश उरतो.

४

आतापर्यंत आम्ही आकड्याच्या आतले पाहिले. आता बाहेरचे पाहू. कोणत्याही संग्रहाचे मूल्यमापन करताना त्यात काय घेतले यापेक्षा काय गाळले हे अधिक बोलके असते. ३६६७ ची पोकळी ज्यांनी बनली आहे, ती माणसे पीट मॅराविचच्या राज्यातच होती.

विलिस रीड हा लुइझियानातला. तो १९६४ पर्यंत ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून खेळला आणि पुढे न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाला. एल्विन हेज हा लुइझियानातल्या रेव्हिल गावचा. तो राज्याबाहेर, टेक्ससमधील ह्यूस्टन विद्यापीठात गेला आणि १९६७-६८ च्या हंगामात सामन्याला ३६.८ गुण करून देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. हे दोघे आपल्या राज्याच्या प्रमुख विद्यापीठात का गेले नाहीत, याचे उत्तर त्यांच्या कौशल्यात शोधायचे नाही. लुइझियाना स्टेटच्या बास्केटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, कॉलिस टेंपल, आला १९७१ मध्ये, म्हणजे मॅराविच निघून गेल्यावर. त्याला आणणारे प्रशिक्षक प्रेस मॅराविचच होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. माणसे एकरंगी नसतात.

ज्या साउथईस्टर्न परिषदेत मॅराविच खेळत होता तेथे डिसेंबर १९६७ मध्ये आणखी एका खेळाडूने मुख्य संघात पदार्पण केले. पेरी वॉलेस हे त्याचे नाव. नॅशव्हिलचा हा तरुण व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळला आणि त्या परिषदेत मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. तेच तीन हंगाम, तीच मैदाने, तेच प्रेक्षक. एकाला त्या मैदानांवर टाळ्या मिळत होत्या. दुसऱ्याला मिसिसिपीतल्या सभागृहांत शिव्या आणि धमक्या ऐकत खेळावे लागत होते. वॉलेसची खासियत होती उंच उडी घेऊन चेंडू थेट रिंगमध्ये दाबण्याची, म्हणजे डंकची. नेमकी तीच क्रिया महाविद्यालयीन नियमकर्त्यांनी १९६७ मध्ये निषिद्ध ठरवली, ती १९७६ पर्यंत. वर आम्ही नियमांना वृत्त म्हटले. वृत्त सर्वांना सारखेच लागू असते, हे खरे. पण ते कोणी ठरवले आणि कोणाचा शब्द त्यात बसेनासा झाला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. वॉलेस पुढे कायद्याचा प्राध्यापक झाला. २०१७ मध्ये त्याचे निधन झाले. गुणांच्या कोणत्याही यादीत वाचक त्याचे नाव शोधायला जाणार नाही.

आणखी एक वही उघडून पाहण्यासारखी आहे. अलाबामात वाढलेला ट्रॅव्हिस ग्रँट हा १९६८ ते १९७२ या काळात केंटकी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या लहान महाविद्यालयातून खेळला. चार हंगामांत त्याने ४०४५ गुण केले. चार हंगाम आणि तीन हंगाम यांत फरक आहे, प्रतिस्पर्ध्यांतही फरक आहे. सरसकट तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मॅराविचचा आकडा ‘चोपन्न वर्षे अबाधित’ होता असे आम्ही वर लिहिले, तेव्हा ‘सर्वांत वरच्या श्रेणीत’ हे शब्द का घालावे लागले, ते आता वाचकाच्या ध्यानात येईल. श्रेणी कोणाला खुली होती, हाच तर मुद्दा आहे.

यात मॅराविचचा दोष किती? वीस-बावीस वर्षांच्या तरुणाने नियम केले नव्हते, दरवाजे बंद केले नव्हते. त्याने ज्याचा विक्रम मोडला तो ऑस्कर रॉबर्टसनही कृष्णवर्णीय गार्डच; सिनसिनाटी विद्यापीठाकडून १९५७ ते १९६० या तीन हंगामांत त्याने २९७३ गुण केले होते. तेव्हा मॅराविचला खाली ओढण्यासाठी वॉलेसला वर काढणे, ही समीक्षा नव्हे. पण एकाचे नाव घेताना दुसऱ्याचे न घेणे, हा इतिहासही नव्हे.

५

१९७० मध्ये व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा मॅराविचला तिसऱ्या क्रमांकावर अटलांटा हॉक्सने घेतले. कराराची रक्कम सुमारे १९ लाख डॉलर, त्या काळाच्या मानाने डोळे विस्फारणारी. हॉक्सचा संघ आधीच चांगला होता; मागल्या हंगामात त्याने ४८ सामने जिंकले होते. त्यातले अनुभवी खेळाडू बहुतांशी कृष्णवर्णीय होते, आणि ज्याने व्यावसायिक मैदानावर अजून पाऊल ठेवले नव्हते अशा गौरवर्णीय मुलाला त्यांच्याहून कितीतरी अधिक पैसे मिळणार होते. जो काल्डवेल हा त्यांच्यातला उत्तम खेळाडू करारावरच्या वादातून प्रतिस्पर्धी लीगमध्ये निघून गेला. मॅराविचने पहिल्याच हंगामात सामन्याला २३.२ गुण केले. संघाचे विजय ४८ वरून ३६ वर आले.

या दोन वाक्यांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह आवरावा, असे आम्ही सुचवू. वर्तमानपत्रांनी तो आवरला नाही. ‘गुण करतो, पण जिंकत नाही’ ही मॅराविचविषयीची टीका तेथून स्थिर झाली आणि पुढल्या प्रत्येक हंगामाने तिला पुरावा पुरवला. १९७४ मध्ये हॉक्सने त्याला न्यू ऑर्लिन्स जॅझ या नव्याने स्थापन होणाऱ्या संघाकडे पाठवले. मोबदल्यात नव्या संघाने खेळाडू आणि भावी निवडीचे हक्क इतक्या सढळ हाताने दिले की मॅराविचच्या भोवती उभे करायला फारसे कोणी उरले नाही. लुइझियानाचा लाडका लुइझियानात परतला, सभागृह भरले, आणि पहिल्या हंगामात संघाने ८२ पैकी ५९ सामने गमावले. त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर १९७४ मध्ये, दीर्घकाळ मद्याच्या आणि नैराश्याच्या विळख्यात असलेल्या त्याच्या आईने, हेलनने, आपले जीवन संपवले होते. गुणांच्या तक्त्यात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

१९७६-७७ हा त्याचा शिखरहंगाम. सामन्याला ३१.१ गुण करून तो लीगमध्ये पहिला आला. २५ फेब्रुवारी १९७७ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने ६८ गुण केले. त्या दिवसापर्यंत कोणत्याही गार्डने एका व्यावसायिक सामन्यात इतके गुण केले नव्हते. येथे संघ जिंकलाही. तरी हंगामाच्या अखेरीस जॅझच्या नावावर ३५ जय आणि ४७ पराजय होते, आणि बाद फेरी दूरच राहिली.

पुढल्याच हंगामात, जानेवारी १९७८ मध्ये, बफेलोविरुद्धच्या सामन्यात हवेत उडी घेऊन पायांमधून पास देताना तो पडला आणि त्याचा गुडघा गेला. हा तपशील लहान आहे, पण आम्हाला तो अर्थपूर्ण वाटतो. ज्याला गुणांचा लोभी म्हटले गेले त्याचा गुडघा गुण करताना गेला नाही. तो सहकाऱ्याला चेंडू देताना गेला.

१९७९ मध्ये जॅझ हा संघ युटाला हलला. तेथे मॅराविच बहुतेक बाकावरच बसला आणि जानेवारी १९८० मध्ये त्याला मुक्त करण्यात आले. उरलेल्या हंगामासाठी बॉस्टन सेल्टिक्सने त्याला घेतले. लॅरी बर्डचा तो पहिला हंगाम. त्याच वर्षी व्यावसायिक लीगने तीन गुणांची रेषा आणली होती. मॅराविचने त्या रेषेबाहेरून संबंध हंगामात १५ वेळा चेंडू टाकला. १० वेळा तो जाळीत पडला. ज्या वृत्तासाठी जणू तो जन्मला होता ते त्याच्या हाती आले तेव्हा पंधराच ओळी लिहिण्याइतका वेळ उरला होता. १९८० च्या शरदात त्याने खेळ सोडला. पुढल्या उन्हाळ्यात सेल्टिक्सने अजिंक्यपद जिंकले.

दहा हंगाम, ६५८ सामने, १५,९४८ गुण, सरासरी २४.२. व्यावसायिक कारकिर्दीचा हिशेब एवढाच आहे.

६

खेळ सोडल्यावर दोनेक वर्षे मॅराविच जवळजवळ अज्ञातवासात होता. शाकाहार, योग, हिंदू तत्त्वज्ञान, परग्रहावरील याने अशा अनेक वाटा त्याने चाचपून पाहिल्या, आणि अखेर १९८२ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेत त्याला स्वस्थता लाभली, असे तो स्वतः सांगे. एप्रिल १९८७ मध्ये प्रेस कर्करोगाने गेले. अखेरच्या महिन्यांत मुलाने त्यांची शुश्रूषा केली. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. ५ जानेवारी १९८८ रोजी, एका रेडिओ कार्यक्रमाच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात गेला असता, पॅसाडीनातील एका चर्चच्या व्यायामशाळेत काही हौशी मंडळींबरोबर खेळताना तो कोसळला. वय ४०. शवविच्छेदनात आढळले की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मापासूनच नव्हती.

१९७४ मध्ये एका वार्ताहराशी बोलताना मॅराविच म्हणाला होता की दहा वर्षे व्यावसायिक बास्केटबॉल खेळून चाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मरण्याची त्याची इच्छा नाही. तो दहा हंगाम खेळला आणि चाळिसाव्या वर्षी गेला. हा उद्गार त्याच्यावरील लेखनात हटकून येतो, आणि बहुधा शेवटी येतो, म्हणजे त्याला भाकिताची कळा यावी. साहित्याच्या वाचकांना अशा सूचक उद्गारांचे आकर्षण विशेष असते, आम्हालाही आहे. परंतु त्यात एक धोका आहे. उद्गाराला भाकीत म्हटले की मृत्यूला नियती म्हणता येते, आणि नियती म्हटले की कोणाला काही विचारायचे उरत नाही. वास्तविक तो उद्गार एका थकलेल्या माणसाची कुरकुर होती : सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, लहानपणापासून दुसऱ्याचे स्वप्न वाहणाऱ्या माणसाची. या खेळाशिवाय मला काही आयुष्य मिळेल का, एवढेच तो विचारत होता. ती कुरकुर आपण भविष्यवाणी म्हणून वाचतो तेव्हा ती तक्रार म्हणून ऐकण्याचे आपण टाळतो.

आणि तरीही त्या हृदयाचा विचार मनातून जात नाही. अर्ध्या रक्तपुरवठ्यावर चालणाऱ्या हृदयाने त्याने ते ३१६६ चेंडू टाकले. डॉक्टर, प्रशिक्षक, करार करणारे मालक यांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. त्याचे इतके सूक्ष्म मोजमाप झाले, आणि मोजायला हवे होते तेच मोजायचे राहिले.

७

२ मार्च २०२३ रोजी डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवान डेव्हिस मैदानात उतरला तेव्हा मॅराविचला गाठण्यासाठी त्याला २५ गुण हवे होते. त्याने २२ केले. पाच हंगामांतल्या १४४ सामन्यांनंतर त्याची बेरीज ३६६४ वर थांबली, तीन गुणांनी कमी. म्हणजे ज्या रेषेबाहेरून एक चेंडू जाळीत पडल्यावर तीन गुण मिळतात आणि जी मॅराविचला मिळाली नाही, त्या रेषेवरचा एकच चेंडू. डेव्हिसचा प्रशिक्षकही त्याचा बापच होता. इतिहास कधीकधी यमक जुळवतो, तेव्हा ते फार मनावर घेऊ नये; पण ऐकू तर येतेच.

३ मार्च २०२४ रोजी आयोवा विद्यापीठाच्या कॅटलिन क्लार्कने ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात, मध्यंतराच्या अगदी तोंडावर, फ्री थ्रोवर ३६६७ हा आकडा ओलांडला. ती अखेर १३९ सामन्यांत ३९५१ गुणांवर थांबली. चार हंगाम, तीन गुणांची रेषा, वेळेचे बंधन; वृत्त निराळे, तेव्हा रचनाही निराळी. मॅराविचच्या बाजूने लगेच ८३ आणि १३९ हे आकडे पुढे करण्यात आले. तो युक्तिवाद खरा आहे. पण ज्यांना ८३ सामनेही मिळाले नाहीत, त्यांच्या बाजूने तो करताना फारसे कोणी दिसले नाही.

क्लार्कच्या निमित्ताने दोन जुनी नावे मात्र वर आली. कॅन्सस विद्यापीठाची लिनेट वूडर्ड हिने १९८१ पर्यंत ३६४९ गुण केले होते. फ्रान्सिस मॅरियन या लहान महाविद्यालयाच्या पर्ल मूर हिची बेरीज तर, एका कनिष्ठ महाविद्यालयातील गुण धरून, १९७९ मध्येच ४०६१ झाली होती. या दोघींच्या काळी महिलांचे बास्केटबॉल निराळ्या संघटनेकडे होते, म्हणून त्यांचे गुण मुख्य वहीत उतरले नाहीत. म्हणजे ज्याला आपण ‘विक्रम मोडला’ म्हणतो, तो क्षण खरे तर एका वहीचा क्षण असतो. दुसऱ्या वह्या तेव्हाही कपाटात असतात.

पुरुषांच्या यादीत ३६६७ हा आकडा त्या दिवसानंतरही अग्रस्थानीच राहिला, आणि त्याला तेथून खाली आणावे असे आम्हाला वाटत नाही. आमचे मागणे लहान आहे. तो आकडा पुढे कधी वाचनात येईल तेव्हा त्याच्यासोबत १०६-१०४ हा निकाल आठवावा, मोटारीच्या खिडकीतून बाहेर आलेला मुलाचा हात आठवावा, आणि त्याच तीन हंगामांत, त्याच मैदानांवर, डंक करण्याची मनाई असलेल्या पेरी वॉलेसने किती गुण केले असतील, हे एकदा शोधून पाहावे. तो आकडा येथे मुद्दामच दिलेला नाही.